अर्धं रिकामं भजन

माझ्या स्टुडिओत पाऊल टाकलं की माणूस हळू बोलायला लागतो. तसं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. खाली मोटारपंपांच्या दुकानासमोर तो रिक्षावाल्याशी तावातावानं भांडलेला असतो, जिना चढताना फोनवर कुणाला तरी झापत असतो, आणि ते जाड दार आत लोटलं की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. आत खिडकी नाही. भिंतींना गोधड्या, आणि गोधड्यांमागं जिनिंगमधून आणलेला कापूस. आपण बोललेलं कुठं आपटून परत येत नाही म्हणून माणूस बावरतो, जरा वेळ स्वतःचाच आवाज ऐकत उभा राहतो. मग कुजबुजत मला विचारतो, "रेकॉर्डिंगवाले सर कधी येतील?"

"आलेत," मी म्हणते. "बसा."

नांदेडात हा धंदा करता करता मी साठीला टेकले, पण सरांची चौकशी काही थांबली नाही. पूर्वी डोक्यात सणक जायची. आता मी चहा पुढे करते, कानांवर हेडफोन चढवते आणि यंत्रासमोर जाऊन बसते. मग हळूहळू लक्षात येतं आणि ते "मॅडम" म्हणायला लागतात. काहींच्या लक्षात रेकॉर्डिंग संपेपर्यंत येत नाही. त्याला माझा इलाज नाही.

तुम्ही गात नाही, वाजवत नाही, मग करता तरी काय, असं पुष्कळ जण विचारतात. सोपं सांगायचं तर मी डबे सांभाळते. गायकाचा आवाज एका डब्यात, पेटी दुसऱ्या डब्यात, ढोलकी तिसऱ्यात, मागं म्हणणारी मंडळी आणखी एकात. सगळ्यांनी एका वेळी यायला पाहिजे असंही नसतं. पेटी आज वाजवून घेतली आणि गायक पुढच्या आठवड्यात उमरीहून आला तरी चालतं. शेवटी सगळे डबे समोर मांडायचे आणि कुठला किती उघडायचा, कुठला किती झाकायचा ते ठरवायचं. ढोलकी जास्त उघडली की गायक बुडतो. गायक जास्त उघडला की तो एकटाच कुठं माळावर उभा राहून गातोय असं वाटतं. याला हल्ली म्युझिक प्रोड्यूसर म्हणतात. माझ्या वडिलांना ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ते पाहुण्यांना सांगायचे, "आमची मुलगी टेपचं बघते."

त्या खोलीत दुपार कळत नाही. बाहेर ऊन रणरणत असतं, रस्त्यावर बसचे भोंगे वाजत असतात, आणि आत मी डोळे मिटून एखाद्या अनोळखी माणसाचा श्वास ऐकत बसलेली असते. ओळ संपल्यावर तो कुठं थांबतो, पुढची घेताना किती हवा भरतो, एवढंच. तासन्‌तास. त्याचं घर कुठं, पोरंबाळं किती, मला काही ठाऊक नसतं, पण त्याचा श्वास माझ्या ओळखीचा होतो. घरी आल्यावरही तो जात नाही. पहाटे अर्धवट झोपेत कुणीतरी गात असतं आणि हा कुणाचा बरं आवाज, एवढं आठवेपर्यंत उजाडतं. कितीतरी आवाज असे माझ्याकडे मुक्कामाला राहून गेले. त्यातले काही आता जगात नाहीत, पण माझ्या झोपेला त्याचा पत्ता नाही.

मी स्वतः गात नाही त्याला कारण आहे. कंधारला शाळेत असताना गॅदरिंगच्या समूहगीतात माझी निवड झाली होती. गाण्याच्या बाई कान देत रांगेतून फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, तू नुसते ओठ हलव हं. आवाज काढू नकोस." मी हलवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या थोड्या माझ्याही वाट्याला आल्या. पण ओठ हलवता हलवता मी पहिल्यांदा शेजारणींचं गाणं नीट ऐकलं. कोण वरच्या सुराला चोरून गप्प बसते, कोण शब्दाआधी ओठ चाटते, सगळं ऐकू आलं. त्यावरच पुढं माझं पोट चाललं, म्हणून बाईंवर राग धरत नाही. मात्र अजूनही घरच्या आरतीला माझे नुसते ओठ हलतात.

हा धंदा मला कुणी शिकवला नाही. रेडिओवर हंगामी काम करताना थोडं कानावर पडलं, बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं आणि रफीकभाईंच्या रिक्षानं. रफीकभाई आमच्या कोपऱ्यावर रिक्षा लावतात. माझे स्पीकर चांगले, त्यांच्या रिक्षातले फाटके. स्टुडिओत गाणं कसं अगदी पाण्यातल्या चंद्रासारखं वाटायचं आणि रिक्षात लावलं की चिखल. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं एक लग्नगीत घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "बाजी, गाना तो अच्छा है. मगर गानेवाली नक्को बोलके चली गई क्या?"

त्या दिवसापासून नियमच झाला. गाणं पुरं झालं की रिक्षात बसायचं आणि नदीपर्यंत जाऊन यायचं. शब्द कळले तर पास. लोक कुठं माझ्या गोधड्यांच्या खोलीत येऊन गाणी ऐकणार आहेत? ते जीपमध्ये ऐकतात, पिठाच्या गिरणीत ऐकतात, मांडवात तर भोंग्यावर ऐकतात. तिथं जे टिकतं तेवढंच आपलं.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायला बसले तर अंक पुरायचा नाही. एक उमेदवार आले होते, गावाचं नाव सांगत नाही. प्रचाराचं गाणं करायचं होतं. त्यांची अट एकच, "माझं नाव असं यायला पाहिजे मॅडम, की गोठ्यातल्या म्हशीनं सुद्धा मान वर करावी." केलं तसं. गाणं झकास झालं, आणि अर्ज भरायच्या आधी साहेबांनी पक्ष बदलला. परत आले. म्हणाले, "चाल तीच ठेवा, फक्त निष्ठा बदला." मी पक्षाचं नाव तेवढं कापलं आणि नवीन चिकटवलं. कापताना जुन्या नावाची शेपटी थोडी मागं राहिली, ती शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही. पडले म्हणा ते, पण त्याचं खापर गाण्यावर फोडता येणार नाही.

आणि एक निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर पोरांवर ओरडून आवाज पार भरडला होता, पण बायकोच्या वाढदिवसाला गाणं म्हणून द्यायचं होतं. आमच्याकडे सूर दुरुस्त करणारं यंत्र असतं. वर गेलेला सूर खाली ओढतं, खाली पडलेला उचलून जागेवर ठेवतं. मी मास्तरांचा एकेक सूर उचलला. त्यांनी ते दोनदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "हा मी आहे?" मी म्हटलं, तुम्हीच. म्हणाले, "मग एवढी वर्षं मी उगीच लाजलो." यंत्राचं नाव न काढता मी गाणं त्यांच्या हातात दिलं. घरी जाऊन त्यांनी कॉलनीभर ऐकवलं. मला आत कुठंतरी बरं वाटलं आणि कुठंतरी टोचलंही.

पण मला जे सांगायचंय ते आप्पांचं.

निलंग्याला आप्पांचं भांड्यांचं दुकान. महानंदा त्यांची मुलगी, लातूरला विमा कचेरीत नोकरीला. ती आप्पांना घेऊन माझ्याकडे आली तेव्हा बाहेर उन्हाळा नुकता लागला होता. आप्पा उंच, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, खांद्यावर टॉवेल. आत आल्यावर सगळे हळू बोलतात, आप्पा बोललेच नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावरचा पितळी पेला उचलला, नखानं टिचकी मारली, कानाजवळ धरला आणि म्हणाले, "अक्का, ह्याला तडा हाय बुडाशी. बदलून टाका."

आवाज घोगरा होता. महानंदानं सांगितलं, घशात गाठ निघाली आहे, स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, पण आवाज राहणार नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. "आमच्या मठात दर सोमवारी भजन असतं मॅडम. आप्पाच सांगतात, सगळे मागून म्हणतात. माझ्या जन्माच्या आधीपासून. ते आता..."

"लातुरात स्टुडिओ नव्हते का?" मी विचारलं.

"आहेत की. पण कुणीतरी म्हणालं, नांदेडला एक बाई आहेत. आप्पा म्हणाले, बाई असली तर घाई करणार नाही."

त्यांचा आवाज सकाळी थोडा वेळ मोकळा असायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांना काचेच्या आतल्या छोट्या खोलीत बसवलं, माइक लावला आणि खूण केली. पद त्यांच्या आजोबांनी जुळवलेलं. अगदी साधं. सांगणारा म्हणतो, "दारी दिवा लावला," आणि मागची मंडळी म्हणतात, "ये रे शिवा." पुन्हा सांगणारा, "अंगण सारवलं," मंडळी, "ये रे शिवा." असं वाढत वाढत जातं, आणि जुन्या ओळी फिरून फिरून येतात. आप्पांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ घेतली. घोगऱ्या गळ्यातून तो सूर आला. जुन्या तांब्याच्या हंड्यात कुणी बोलावं तसा.

आणि ते थांबले. मी वाट पाहिली. आप्पाही वाट पाहत होते. मग डोळे उघडून काचेतून माझ्याकडे बघायला लागले.

"म्हणा ना पुढं, आप्पा."

"पुढलं मंडळीनं म्हणायचं असतंय."

मी समजावलं. म्हटलं, तुम्ही फक्त तुमच्या ओळी म्हणा, मंडळींना आपण पुढच्या महिन्यात बोलावू, त्यांचं वेगळं घेऊ, मी सगळं जोडून देते. आमची रीतच तशी आहे. आप्पांनी पुन्हा सुरू केलं. "दारी दिवा लावला," आणि पुन्हा गप्प. मी लयीसाठी त्यांच्या कानात टिकटिक सोडली. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "हे काय अक्का, घड्याळात कोंडून राहिल्या का मला?" मग एकदा मागचंही स्वतःच म्हणून बघितलं, "दारी दिवा लावला, ये रे शिवा." आणि मान हलवली. "न्हाई. हे खोटं हाय. आपणच बोलवायचं आन्‌ आपणच ओ द्यायची, हे काय खरं न्हाई."

माझाही पारा चढला होता. मोठमोठे गवई या खोलीत एकटे गाऊन गेलेत. पण तेवढ्यात त्यांचा गळा बसला आणि त्या दिवसाचं काम तिथंच संपलं. महानंदा बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. तिची पाठ माझ्याकडे होती आणि खांदे हलत होते. ते पाहिल्यावर माझा राग पार उतरला.

मी तिला विचारलं, "मंडळी येतील का इथं?"

"विचारते," ती म्हणाली. पण विचारायचं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक क्रुझर गाडी भरून सगळं भजनी मंडळ निलंग्याहून आलं. टाळ, झांजा, पखवाज, भाकरीची गाठोडी आणि पेटीवाले शंकरप्पा. इथल्या मठात उतरले आणि सकाळी अंघोळी करून, भस्म लावून माझ्या माडीवर हजर. मोटारपंपवाला खालून वर बघत होता.

आता अडचण माझी. सगळे एका खोलीत बसवले तर सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळणार आणि आप्पांचा तो गळा गर्दीत हरवणार. म्हणून मी आप्पांना काचेच्या आत ठेवलं, मंडळींना बाहेरच्या मोठ्या खोलीत जाजमावर बसवलं आणि मधलं दार लावून घेतलं. आप्पांचा आवाज बाहेर एका लहान स्पीकरवर सोडला. मंडळींचा आवाज आप्पांच्या कानात. काचेतून एकमेकांची तोंडं दिसत होती. आप्पा हेडफोन घालायला तयार नव्हते. "कानात बोळे घालून देवाला हाक कशी मारू?" शेवटी एक कान झाकला, एक उघडा ठेवला.

"दारी दिवा लावला," आप्पा म्हणाले.

"ये रे शिवा," बाहेरून मंडळी म्हणाली.

त्या क्षणी आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला शब्दांत नीट सांगता यायचं नाही. घर सापडल्यासारखं. मग ते गातच गेले. लय हळूहळू चढत गेली, कुठलंही यंत्र अशी चढवू शकणार नाही. कुठं आप्पा ओळ लांबवत, कुठं मंडळींचं संपायच्या आतच पुढची उचलत. एका कडव्याला मंडळी जरा ढिली पडली, तर आप्पा काचेवर टिचकी मारून खेकसले, "म्हणा की रं, झोपलाव का?" मंडळी सावरली, गाणं पुढं गेलं. मी यंत्रासमोर बसून नुसती ऐकत होते. आपण नांदेडात आहोत, खाली पंप विकतात, आठवड्यानं या माणसाचा गळा कापणार आहेत, यातलं काही माझ्या ध्यानात उरलं नव्हतं. मधेच माझे ओठ हलत असल्याचं मला कळलं.

शेवटच्या कडव्याला आप्पांचा सूर फाटला. ते थांबले, पाणी प्याले आणि हेडफोन हळूच काढून खुंटीला टांगला. "झालं अक्का. आता आवाज न्यायचा तर नेऊ दे डाक्टरास्नी." बाहेर शंकरप्पा पेटीचा भाता दाबून बंद करायचं विसरून तसेच बसले होते.

मी ते गाणं जीव ओतून बनवलं. मंडळी मागं, आप्पा पुढं, पखवाज जमिनीतून आल्यासारखा. आप्पांच्या आवाजाला सूर दुरुस्त करणारं यंत्र लावलं नाही. खेकसलेलं कापून टाकायचं म्हणून दोनदा कात्री हातात घेतली आणि दोनदा ठेवली. रफीकभाईंच्या रिक्षात लावलं तेव्हा त्यांनी रिक्षा बाजूला घेऊन उभी केली. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम, असं मला वाटलं. अजूनही तसं म्हणायला हरकत नव्हती, पण पुढं जे झालं ते झालं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमाराला महानंदाचा फोन आला. आप्पांची तब्येत बरी आहे, गळ्याला टॉवेल गुंडाळून दुकानात बसतात, वाटी नाहीतर तांब्या वाजवून हाका मारतात, पण सोमवारी मठात जात नाहीत.

"आणि तुमचं रेकॉर्डिंग लावलं की उठून आत जातात, मॅडम."

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, स्वतःचा गेलेला आवाज ऐकवत नसेल त्यांना. तर तिनं फोन शंकरप्पांकडे दिला. ती सणाला निलंग्याला आलेली, आणि ते दुकानातच बसलेले होते. म्हणाले, "बाई, रेकॉर्ड लई भारी झालंय, त्यात वाद न्हाई. पण त्यात आप्पा बी हाईत आन्‌ आमी बी हाव. मग मठात बसून आमी करावं काय? टाळ मांडीवर ठेवून नुसतं ऐकत बसून राहिलो. दोन सोमवार बसलो, मग एकेक जण यायचं बंदच झालं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या गोधड्यांच्या खोलीत दिवा न लावता बसले. पुरं गाणं देणं हे माझं काम. पुरं म्हणजे कुठंही भोक नाही, कुठं काही कमी नाही. मी आप्पांचं भजन इतकं पुरं केलं होतं की त्यात बसायला कुणालाच जागा उरली नव्हती. आप्पांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आपणच बोलवायचं आणि आपणच ओ द्यायची हे खरं नाही. कान एवढे तयार असून मला ते ऐकू आलं नव्हतं.

मी डबे पुन्हा उघडले. पेटी झाकली. पखवाज, टाळ झाकले. मंडळींचा डबा अगदी घट्ट लावला. उरले एकटे आप्पा. "दारी दिवा लावला," आणि मग शांतता. "अंगण सारवलं," आणि पुन्हा शांतता. पण ही पहिल्या दिवशीची शांतता नव्हती. मंडळी जेवढा वेळ गात होती तेवढीच होती ती, लय चढली तशी आखडत गेलेली, आणि तिच्यात आप्पा ऐकत असल्याचा श्वास होता. आमच्या धंद्यात गाण्यामध्ये एवढी शांतता सोडणं म्हणजे पाप. गिऱ्हाईक परत घेऊन येतं. सवयीनं मी रिक्षात जाऊन लावलं, तर रफीकभाईंनी स्पीकरवर थाप मारली. "बाजी, बंद पड गया." मी म्हटलं, नाही, चालू आहे. ऐका.

सोमवारी दुपारी मी एस.टी.नं निलंग्याला उतरले, पिशवीत स्पीकर घेऊन. महानंदानं घरोघर सांगून ठेवलं होतं. तिन्हीसांजेला मठात मंडळी जमली. आप्पा आले, पण आत बसले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, गळ्याला टॉवेल. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. तोंडावर काही दिसत नव्हतं.

मी स्पीकर जिथं आप्पा बसायचे तिथं ठेवला आणि बटण दाबलं.

"दारी दिवा लावला," आप्पांचा आवाज आला. मंडळी दचकली. तोंडं उघडायच्या आत आवाज पुढच्या ओळीवर गेला. "ये रे..." कुणीतरी अर्धं म्हटलं. शंकरप्पांनी पेटी घातली ती चुकीच्या जागी. जिवंत माणूस मागच्यांसाठी थांबतो, डोळ्यांनी खुणावतो. स्पीकर थांबत नाही. आप्पांचा आवाज एकटाच पुढं निघाला आणि मंडळी मागं ठेचकाळत राहिली. तीन-चार कडव्यांत सगळा चुथडा झाला. टाळ एकेक करून बंद पडले. मी बटणाकडे हात नेला, एवढ्यात दाराशी हालचाल झाली.

आप्पा आत आले. कुणाच्या तरी हातातल्या झांजा त्यांनी काढून घेतल्या आणि स्पीकरशेजारी, मंडळींकडे तोंड करून बसले. मला बोटानं वर्तुळ करून दाखवलं. पहिल्यापासून.

मी पहिल्यापासून लावलं. आवाज यायच्या जरा आधी आप्पांनी हात वर केला. "दारी दिवा लावला." झांज खाली आली, आणि मंडळी म्हणाली, "ये रे शिवा." पुढची ओळ यायच्या आधी हात पुन्हा वर. कुठं श्वास घेतला होता, कुठं ओळ लांबवली होती, कुठं घाई केली होती, हे दुसऱ्या कुणाला कसं माहीत असणार? गाणारे तेच होते. ते स्वतःच्या आवाजाच्या एक पाऊल पुढं चालले होते आणि मंडळी त्यांच्या हाताकडे बघत मागून येत होती. शंकरप्पांची पेटी रुळली, पखवाज मिसळला. लय चढायला लागली. त्या सगळ्या रिकाम्या जागा एकेक करून भरत गेल्या, आणि ज्यानं त्यानं आपापली भरली. आप्पांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ते प्रत्येक वेळी मंडळींबरोबर म्हणत होते.

मग ते कडवं आलं. मंडळी जरा ढिली पडली होती की काय कोण जाणे, पण स्पीकरमधून आप्पा खेकसले, "म्हणा की रं, झोपलाव का?"

सगळा मठ हसला. आप्पा हसले, आवाज न करता, खांदे गदगदत. हसता हसता त्यांची नजर माझ्यावर आली. मी स्पीकरच्या वायरीपाशी कोपऱ्यात बसले होते आणि सवयीप्रमाणे नुसते ओठ हलवत होते. आप्पांनी ते बघितलं. त्यांना ते लगेच ओळखू आलं असणार. झांज माझ्या दिशेनं रोखली आणि भुवया उंचावल्या.

मी मागं वळून बघितलं, मागं भिंत होती.

"अंगण सारवलं," स्पीकरमधून आप्पा म्हणाले.

"ये रे शिवा," मी म्हणाले. कंधारच्या शाळेनंतर पहिल्यांदाच आवाज काढला. बेसूर लागला. तेवढं मला कळतं, तो माझा धंदाच आहे. आप्पांनी मान डोलावली आणि पुढच्या ओळीसाठी हात वर केला.